‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ महागात पडू शकते! घरांच्या पोस्ट लिहिताना एजंट करतात या पाच चुका

‘बदलापूरमध्ये स्वप्नातलं घर, स्टेशनपासून फक्त पाच मिनिटे, मेट्रोही येतेय!’ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातील एजंटांच्या ब्लॉगवर, फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशा पोस्ट रोज दिसतात. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे वळणारी अनेक कुटुंबे पहिला अंदाज बांधतात तो याच मजकुरावरून. रेरा कायदा मात्र अशा मजकुराकडे जाहिरात म्हणूनच पाहतो. मग नेमके चुकते कुठे?

1. नोंदणी क्रमांक, क्यूआर कोड गायब
महारेराकडे नोंदणी नसलेल्या एजंटला नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकता येत नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. अनेक पोस्टमध्ये मात्र फक्त मोबाइल नंबर असतो.

2. ‘महारेरा अप्रूव्ड’
महारेरा प्रकल्पाची नोंदणी करते, दर्जाची हमी देत नाही. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे 65 इमारतींची महारेरा नोंदणी झाल्याचे उघड झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले आणि तिथे घर घेतलेली कुटुंबे अडचणीत आली. त्यामुळे क्रमांकासोबत पालिकेची बांधकाम परवानगी कोणती, हेही लिहायला हवे. 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. अशा इमारतीला ‘रेरा’चा शिक्का लावणे ही थेट दिशाभूल ठरते.

3. मोघम पत्ता
उल्हासनगर म्हणजे कॅम्प 1 ते 5. कॅम्प न लिहिल्यास जवळचे स्टेशन शहाड, उल्हासनगर की विठ्ठलवाडी, हे कळणार कसे? ‘पाच मिनिटे’ चालत, रिक्षाने की रात्री रिकाम्या रस्त्यावरून? त्यापेक्षा अंतर किलोमीटरमध्ये लिहिलेले बरे.

4. प्रस्ताव म्हणजे सुविधा नव्हे
कांजूरमार्ग–बदलापूर मेट्रो 14 असो वा अंबरनाथ-बदलापूरदरम्यानचे चिखलोली स्टेशन, जे सुरू झालेले नाही ते ‘जवळच’ म्हणून लिहू नये. ‘रिव्हर व्ह्यू’ लिहिताना पूररेषेचा उल्लेख टाळणेही तितकेच गंभीर. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती, हे या भागात कुणी विसरलेले नाही.

5. क्षेत्रफळाचा घोळ
‘650 स्क्वेअर फूट वन बीएचके’ हे कार्पेट की सुपर बिल्टअप? रेरानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घराची विक्री कार्पेट क्षेत्रावर होते. त्यामुळे पोस्टमध्ये तोच आकडा हवा.

दंड किती?
एजंटने नोंदणीचा नियम मोडला किंवा खोटी माहिती दिली, तर कलम 62 नुसार दिवसाला 10 हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा घराच्या किमतीच्या पाच टक्के. म्हणजे 40 लाखांच्या फ्लॅटसाठी दोन लाखांपर्यंत! वीस दिवसांत ही मर्यादा गाठली जाते. शिवाय नोंदणी रद्द होण्याची टांगती तलवार असतेच. जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी कलम 12 नुसार बिल्डरवर येते.

ग्राहकांनी काय करावे?
पोस्टचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ने, तर एजंटचा ‘ए’ने सुरू होतो. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर तपासा. बांधकाम परवानगीची खातरजमा थेट पालिकेत करा. टोकन देण्यापूर्वी एकदा सकाळच्या गर्दीत घरापासून स्टेशनपर्यंत स्वतः चालून पाहा. पाच मिनिटांचा हिशेब तिथेच कळेल.