चरबी, धमनी आणि मध्ये नसलेली भिंत

एका वाचकांचा प्रश्न आहे: सी.टी. स्कॅनच्या रिपोर्टात ‘हृदयाभोवती चरबी’ असं आलंय, ती रक्तवाहिन्या दाबत तर नसेल?

दाबत नाही, पण शंका नेमक्या जागेची आहे. मटणवाल्याकडून बकऱ्याचं हृदय आणून पाहा. (दुकानात ‘दिल’ म्हणा, काळीज मागितलंत तर यकृत मिळेल.) कप्प्यांमधल्या खाचेत पांढरी, घट्ट चरबी दिसेल. ती नखाने सोडवत गेलात की आत धमनी सापडते. माणसाच्या हृदयाचाही सुमारे ८० टक्के पृष्ठभाग असाच झाकलेला असतो, धडधाकट माणसाचासुद्धा. उपासमारीने मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन करताना पशुवैद्य ही खाच आवर्जून बघतात. घरातलं शेवटचं सोनं मोडावं तशी शरीर ही चरबी अगदी अखेरीस मोडतं. मग तिथे नुसती जेली उरते.

इतकी जपलेली चरबी बाधते कशी? तिच्यात आणि हृदयाच्या स्नायूत पडदाच नाही, रक्तही दोघांना त्याच धमन्यांचं. २००३ साली बायपासच्या रुग्णांमधली ही चरबी पायाच्या कातडीखालच्या चरबीशी ताडून पाहिली, तेव्हा हिच्यात दाह वाढवणारी रसायनं कितीतरी जास्त आढळली.

हृदयाचा स्नायू आरामातही रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेतो. जिना चढताना आणखी हवा, तर रक्ताचा प्रवाहच वाढायला हवा. चरबीचा थर जाड असलेल्यांत, मुख्य धमन्या मोकळ्या असूनही, ही वाढ कमी पडताना दिसली आहे. मात्र स्थूलता आणि मधुमेह बहुधा सोबत असतात, त्यामुळे दोष एकट्या चरबीचा म्हणता येत नाही. ‘हृदयाची चरबी वितळवणाऱ्या’ चूर्णांवर तर कृपा करून पैसे घालवू नका.

मला सर्वांत भावतो तो ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेला शोध. सूज आलेली धमनीही शेजारच्या चरबीला निरोप धाडते. तिथल्या पेशी मग तेल साठवेनाशा होतात, पाण्याचा अंश वाढतो आणि स्कॅनमधली चरबीची छटा बदलते. पुढच्याच वर्षी सुमारे ३,९०० रुग्णांचे स्कॅन तपासले गेले. अशी छटा असलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त निघाले. त्याआधी त्याच स्कॅनमध्ये डॉक्टर धमनीतला ब्लॉकेज शोधत आणि भोवतीची काळपट चरबी सोडून देत.

म्हणून रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा चरबीबरोबर धमन्यांविषयी काय लिहिलंय, तेही डॉक्टरांकडून वाचून घ्या.