कार्बाइन कानपूरची, आराखडा डॅगनहॅमचा

मंत्र्यांचा दौरा बीडला आला, की बंदोबस्तातील शिपायाच्या खांद्यावर एक आखूड बंदूक दिसे. तिचे काडतुसांचे मॅगझिन डाव्या बाजूस आडवे निघालेले. तिला सारे ‘कार्बाइन’ म्हणत. ती कानपूरच्या सरकारी लघुशस्त्र कारखान्यात तयार झालेली. पण तिचे मूळ इंग्लंडमधील डॅगनहॅम येथे. जॉर्ज पॅचेट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आखलेली आणि १९५३ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली ही स्टर्लिंग बंदूक होय. चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धाने आपली शस्त्रटंचाई उघडी पाडली आणि १९६३ पासून परवान्याखाली तिचे उत्पादन कानपुरात सुरू झाले.

यात लाज वाटण्याजोगे काही नाही. तिला लागणारे ९ मिलिमीटरचे काडतूसही मूळचे जर्मन, आणि ते साऱ्या जगाने उचलले. शिवाय परकीय चलन वाचले, कामगारांना काम मिळाले. परंतु परवान्याने मापे मिळतात. ती मापे तशीच का, हे मिळत नाही. स्टर्लिंगच्या बोल्टावर नागमोडी वेढ्यांचे कंगोरे आहेत. ते धूळ-काजळी बाजूला सारतात. ही युक्ती सुचण्यापूर्वी कोणीतरी किती नमुने बिघडवले असतील! नक्कल करणाऱ्याच्या वाट्याला ते बिघडलेले नमुने येत नाहीत, आणि खरे शिक्षण तर त्यांतच असते.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. ‘इन्सास’ मालिकेत रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन अशी तीन शस्त्रे योजली होती. पहिली दोन सैन्यात आली, कार्बाइन मात्र रखडली. २०१८ मध्ये अमिरातीतील कंपनीची कार्बाइन निवडली गेली. २०२० मध्ये तोही व्यवहार रद्द झाला. कानपुरात अर्धशतक कार्बाइन घडवूनही आपण पुन्हा गिऱ्हाइकाच्याच रांगेत उभे!

जानेवारी २०२१ मध्ये ‘अस्मी’ पुढे आली, ती वेगळ्या वाटेने. पुण्याची शस्त्रसंशोधन संस्था आणि महूची इन्फन्ट्री स्कूल यांनी लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या आराखड्यावरून ती चार महिन्यांत उभी केली. किंमत पन्नास हजारांच्या आत, उत्पादन हैदराबादला.

मराठवाड्यात एकही आयुध निर्माणी नाही. खडकी, वरणगाव, भंडारा ही नावे इथल्या तरुणांना नोकरीच्या जाहिरातींतूनच भेटतात. तेव्हा कारखान्याची मागणी होणे स्वाभाविकच. पण बीड-अंबाजोगाईच्या तंत्रनिकेतनांतील मुलाला दुसऱ्याच्या नकाशावरून भाग कातता आला, एवढ्याने भागेल काय? स्वतःचा नकाशा काढून, तो फसवून पुन्हा काढण्यासाठी त्याला यंत्रशाळेत किती तास आणि किती पोलाद मिळते, हे त्या मागणीआधी विचारावयास हवे.