यादीत नसलेली तूर

‘किराण्याला महिन्याला किती लागतात?’ असं लोधीखेड्यात विचारलं, तर आकड्याआधी उलट प्रश्नच यायचा : घरची तूर धरून, की सोडून? शेत असलेल्या घरात डाळ दुकानातून येत नाही. तूर निघाली की तिची डाळ करून वर्षाची भरून ठेवायची, यादीत तिचं नावही नसतं. गहू, ज्वारी, फल्लीदाणे यांचंही थोड्याफार फरकानं तसंच. मग यादीत उरतं तेल, साखर, चहापत्ती, बेसन, पोहे, साबण, बिस्किटं. बिल लहान दिसतं, स्वयंपाक मात्र तेवढाच असतो.

लोधीखेडा आज मध्य प्रदेशाच्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे काढून हा जिल्हा झाला. कारभार हिंदीत, घरातली बोली मराठी, कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणणारी. भोवती संत्रा-कापसाची शेतं आणि जवळच बोरगावचं औद्योगिक क्षेत्र, जिथे रेमंडची कापड गिरणी आहे. त्यामुळे इथल्या किराण्याच्या दोन चाली आहेत. पगारदार घरात पगार झाला की सामान भरलं जातं. शेतकऱ्याच्या घरी मात्र आंबिया बहाराचा संत्रा दिवाळीच्या आगेमागे जातो, मृगाचा उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि कापूस वेचणीप्रमाणे. पैसा वर्षातून दोन-चारदा येतो, तेल-साखर मात्र दर महिन्याला संपते. मधलं अंतर दुकानदाराची उधारीची वही सांभाळते. अशा घराला ‘महिन्याचा खर्च’ विचारण्यात फारसा अर्थ नसतो. खरा आकडा खातं चुकतं करायच्या दिवशी कळतो.

तरीही सरकारला एक आकडा लागतोच. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात राष्ट्रीय नमुना पाहणीनं देशातल्या २,६१,७४६ घरांत जाऊन तो गोळा केला. विचारण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. भाजी, फळं, तेल, मसाले, बाहेरचं खाणं यांचा मागच्या ७ दिवसांचा हिशोब विचारतात. धान्य, डाळी, साखर, मीठ यांचा ३० दिवसांचा. कालची भाजी आठवते, महिन्यापूर्वीची आठवत नाही, हे पाहणी करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आणि ती घरची तूर? तिचीही किंमत धरली जाते, पण दुकानातल्या भावानं नव्हे, शेतावरच्या भावानं. म्हणजे कागदावर शेतकऱ्याची डाळ शेजारच्या पगारदाराच्या डाळीपेक्षा स्वस्त ठरते.

या पाहणीत मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा एकूण खर्च ३,११३ रुपये निघाला, शहरी भागात ४,९८७. सीमा ओलांडून महाराष्ट्रात गेलं की ग्रामीण आकडा ४,०१० होतो. बोली तीच, जेवणही जवळपास तेच, आणि माणशी ९०० रुपयांचा फरक. देशभरात ग्रामीण खर्चातला सुमारे ४६ टक्के वाटा खाण्याचा होता, शहरी खर्चातला ३९ टक्के. लोधीखेड्यात नगर परिषद आहे, पण जगणं निम्मं खेड्याचं. म्हणून दोन्ही टोकं धरून ढोबळ गुणाकार केला तर पाच माणसांच्या घराचं खाणं तेव्हा महिन्याला ७ ते १० हजारांत बसत होतं. यात दूध, भाजी आणि हॉटेलातला आलुबोंडाही आला. केवळ किराणा त्याहून कमी.

खरी गंमत या रकमेच्या आत आहे. १९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी याच पाहणीच्या जुन्या आकड्यांवरून दारिद्र्याचा हिशोब मांडला, तेव्हा १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस ही किमान रक्कम धरली होती. त्या काळी गरिबाचं खाणं म्हणजे मुख्यतः धान्य. १९९९-२००० मध्येही ग्रामीण खर्चातले २२ टक्के धान्यावर जात. २०२२-२३ मध्ये उरले पाचाहूनही कमी. देशाच्या ग्रामीण सरासरीत ते माणशी १८५ रुपये होतात. दुधाचे सव्वातीनशेच्या आत. आणि चहा-शीतपेयं, बिस्किटं, चिवडा, बाहेरचं खाणं यांचे ३६० च्या वर. पोळी-भाताच्या धान्याला लागतं त्याच्या जवळजवळ दुप्पट पुड्यांना आणि हॉटेलला!

नुसतं धान्य स्वस्त झालं म्हणून हे घडलं असं नाही. रेशनचाही त्यात हात आहे. प्राधान्य गटातल्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण मोफत आहे. पाच माणसांना २५ किलो. तो सगळा गहू धरला आणि २०२५-२६ च्या हंगामाच्या हमीभावानं, म्हणजे क्विंटलला २,४२५ रुपयांनी, मोजला तर सहाशेची बचत. ही रक्कम कुठल्याच बिलात दिसत नाही, पण तेलाच्या पिशवीला हात घालताना तिचाच आधार असतो.

आणि तेलाला आधार लागतोच. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं, त्यामुळे फोडणीचा भाव दिल्लीतल्या आयात शुल्कावर हलतो. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं. मे २०२५ च्या अखेरीस ते साडेसोळावर आलं. सोयाबीन पिकवणाऱ्याला पहिला निर्णय बरा वाटावा, त्याच्याच घरातल्या स्वयंपाकघराला दुसरा.

शिवाय भाव न वाढवता महागाई आणायचीही एक युक्ती आहे. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. ठरावीक मापातच पाकीट विकायचं बंधन २०२२ मध्ये गेलं, तेव्हापासून ८५० आणि ८०० ग्रॅमची पाकिटंही दुकानात लिटरच्या शेजारी लटकतात, दिसायला सारखीच. पाच रुपयांचा बिस्किटपुडाही वर्षानुवर्षं पाचालाच राहिला, हलका मात्र होत गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. खाद्यतेल, साखर, चहा आधीपासूनच ५ टक्क्यांत होते, म्हणून यादीतल्या सगळ्यात जड ओळींना त्या कपातीचा स्पर्श झाला नाही. सुटी डाळ आणि सुटं धान्य यांवर कर नाहीच. आणि घरच्या तुरीला तर पावतीच नाही.