मुळांची वाट

कांचेच्या पेल्याला आंतून ओला टीपकागद लावावा आणि कागद व कांच यांमध्यें मोड आलेला मुगाचा एक दाणा असा ठेवावा कीं, त्याचें मूळ आडवें राहील. दुसरे दिवशीं पाहावें, तों मूळ खालीं वळलेलें! ‘त्याला खालची बाजू कोणीं सांगितली?’ असें घरांतील मुलांनीं विचारलें, तर वडील मंडळींनाही क्षणभर थांबावें लागेल.

चार्लस डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनीं १८८० सालीं दाखविलें कीं, ही जाणीव मुळाच्या टोंकांत असते. टोंक कापलें तर मूळ वळत नाहीं. पुढें १९२८ सालीं वेंट या डच शास्त्रज्ञानें ओटच्या अंकुराच्या शेंड्यांतून उतरणारें एक वाढीचें द्रव्य वेगळें करून त्याचा परिणाम मोजला. तेंच ऑक्सिन होय.

हें द्रव्य पेशींतून पेशींत जातें. प्रत्येक पेशीला आंत घेणारीं दारें निराळीं व बाहेर सोडणारीं निराळीं. हीं दारें प्रथिनांचीं असतात. मूळ आडवें होतांच टोंकाच्या पेशींतील जड पिष्टकण खालच्या अंगाला बसतात आणि बाहेर सोडणारीं दारेंही त्याच अंगाला सरकतात. साहजिकच ऑक्सिन खालच्या कडेला सांचतें. मुळांत त्याचा अतिरेक वाढ रोखतो. म्हणून खालची कड मागें पडते, वरची वाढत राहते आणि मूळ खालीं वळतें.

या ज्ञानाचें फळ खानदेशांत अक्षरशः पाहावयास मिळतें. रावेर-यावलकडे पूर्वी केळीची लागवड कंदांनीं होत असे. आतां प्रयोगशाळेंत बाटलींत वाढविलेलीं टिश्यूकल्चरचीं रोपें सर्वत्र दिसतात. स्कूग व मिलर यांनीं १९५७ सालीं सिद्ध केलें कीं, सायटोकायनिन अधिक असेल तर कोंब फुटतात, ऑक्सिन अधिक असेल तर मुळें. बाटलींतील कोंबाला मुळें फुटल्यावांचून तो शेतांत जगणार कसा? जळगांवच्या केळीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्या बागांच्या पायाशीं हें अदृश्य द्रव्य आहे.

परंतु त्याच वाटेनें अनर्थही येतो. ज्वारी-गव्हांतील रुंद पानांचें तण मारण्याकरितां वापरतात तें टू-फोर-डी हें औषध म्हणजे कृत्रिम ऑक्सिनच. पेशीचीं आंत घेणारीं दारें त्याला ओळखीचें समजून घेतात. बाहेर पडण्याची वाट मात्र त्याला नीट सांपडत नाहीं. तें आंत सांचून वाढीचा सारा क्रम बिघडवितें. कपाशी या बाबतींत अत्यंत नाजूक. शेजारच्या शेतांतून वाऱ्यानें आलेला तुषार, किंवा पंपांत राहिलेला थोडासा अंश एवढ्यानेंही तिचीं पानें भेंडीच्या पानांप्रमाणें अरुंद व चिरलेलीं होतात आणि पात्या गळतात. जळगांव-धुळ्याकडे ज्या घरचें वर्ष कापसावर चालतें, तेथें हें नुकसान मुलांच्या शिक्षणापर्यंत व घरच्या मंगलकार्यापर्यंत पोंचतें.

म्हणून तणनाशकाचा पंप निराळा ठेवावा, वारा असतां फवारूं नये, आणि शेती वाट्यानें दिली असली तरी ही गोष्ट वाटेकऱ्याला अवश्य समजावून सांगावी. पेल्यांतील मुगानें मुलांना जें शिकविलें, तेंच शेतावरही उपयोगी पडेल.