बाळ पिवळं दिसतंय? तळपाय बघा

नवजात कक्षात परिचारिका म्हणून काम करताना घरी निघालेल्या प्रत्येक बाळंतिणीला मी सांगत आले: बाळाला रोज दिवसाउजेडी खिडकीपाशी नेऊन नीट बघा. ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळेपणा लपतो. कपाळावर बोट हलकेच दाबून उचलायचं. त्या जागी कातडी पिवळसर दिसली तर कावीळ. बाळ सावळं असेल तर डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघायच्या.

पूर्ण दिवसांच्या 100 बाळांपैकी साधारण 60 जणांना ती होते. जन्मल्यावर बाळाच्या तांबड्या पेशी भराभर मोडतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि कच्च्या यकृताला ते आवरत नाही. बहुतेकांची कावीळ दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. आईने हळद खाल्ल्याने ती होत नाही, तेव्हा तिचं जेवण तोडू नका. बाळाला दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा अंगावर पाजा. पोट साफ होतं तसं बिलिरुबिनही बाहेर पडतं. पाणी, ग्लुकोज, घुटी काही नको.

मला खरी धास्ती आहे ती पिवळ्या बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याच्या सल्ल्याची. तो अगदीच निराधार नाही. 1956च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाचं अंग निवळलं, पण चादरीच्या कोपऱ्याखालचा त्रिकोण पिवळाच राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पुढे 1958 साली निळ्या दिव्याच्या उपचारावरचा लेख प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेच्या नजरेचं हे देणं आहे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. पण घरच्या उन्हाचं प्रमाण मोजता येत नाही. उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि उपचाराचे मोलाचे दिवस हातचे जातात.

पहिल्या 24 तासांतच कावीळ दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्तावलं, दूध ओढेना, कर्कश रडू लागलं किंवा धनुष्यासारखं ताठू लागलं, तर रात्र असली तरी रुग्णालयात निघा. बिलिरुबिन मेंदूत शिरलं की बहिरेपण, अपंगत्व कायमचं राहू शकतं. आई आरएच निगेटिव्ह किंवा ओ गटाची असेल तर अधिकच जपा.

आणि शीचा रंग रोज बघा. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा टिकला आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असू शकते. त्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या 60 दिवसांत झाली तरच यशाची आशा जास्त असते.