हातातला मोबाइल : फोन आपोआप मुका होतो तेव्हा

मागच्या भागात ॲपला दिलेल्या परवानग्या कशा तपासायच्या ते पाहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हापुन्हा दिसली. ‘मी हात लावला नाही, तरी फोनची सेटिंग बदलते.’ कुणाचा आवाज जातो, कुणाची स्क्रीन मंद होते, तर कुणी बंद केलेलं वायफाय सकाळी चालू दिसतं.

बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. अमुक वाजले, अमुक ठिकाणी पोहोचलं किंवा बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की सेटिंग बदलायची, असा एखादा नियम फोनमध्ये चालू असतो. म्हणून सेटिंग लगेच पूर्ववत करू नका. आधी किती वाजले, बॅटरी किती आहे आणि फोन कुठे, कसा ठेवला होता हे लिहून ठेवा. चार-पाच नोंदी झाल्या की नियम बहुधा दिसतोच.

पत्र लिहिणाऱ्यांपैकी एका शिक्षिकेचा फोन शाळेच्या वेळात मुका व्हायचा, पण रोज नाही. सुट्टीच्या दिवशी तर कधीच नाही. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत वर्तुळात आडवी रेघ दिसायची. ही ‘डू नॉट डिस्टर्ब’ची खूण, मराठी सेटिंग्जमध्ये तिला ‘व्यत्यय आणू नका’ म्हणतात. अशा वेळी त्या पर्यायात जाऊन ‘शेड्यूल’ उघडायचं. तिथे झोपेच्या वेळेचा नियम असतो, आणि त्याच्या शेजारी बऱ्याच फोनमध्ये कॅलेंडरचाही एक नियम असतो. तो चालू असेल तर कॅलेंडरमध्ये बैठकीची नोंद असलेल्या वेळेत फोन गप्प बसतो. बाईंच्या बैठका आठवड्यातून दोनदाच होत्या, आणि फोनही त्याच वेळी मुका होत होता. नियम बंद केला, प्रश्न मिटला. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये आणखी एक सोय आहे: फोन पालथा ठेवला की तो शांत होतो. टेबलावर फोन पालथा ठेवायची सवय असेल, तर तीही तपासा.

असे नियम शोधायला सॅमसंगमध्ये ‘मोड्स अँड रूटीन्स’, तर आयफोनमध्ये ‘शॉर्टकट्स’मधलं ‘ऑटोमेशन’ आणि ‘फोकस’ (फोन गप्प ठेवणारी सोय) पाहावं. फोकस एकाच खात्यावरच्या आयपॅड किंवा दुसऱ्या आयफोनवरूनही चालू होऊ शकतो, त्यामुळे घरातल्या मुलाने आयपॅडवर लावलेला फोकस आईच्या फोनवर दिसतो. वायफाय आपोआप चालू होण्यामागेही असाच नियम असतो. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधून वायफाय बंद केलं, तर ते पूर्ण बंद होत नाही. जोडणी फक्त तात्पुरती तुटते आणि पहाटे पाचला पुन्हा सुरू होते. कायमचं बंद करायचं तर सेटिंग्जमध्येच जावं लागतं.

स्क्रीन मंद होण्यामागे सहसा ‘ॲडॅप्टिव्ह ब्राइटनेस’ किंवा बॅटरी सेव्हर असतो. उन्हात फोन तापला तरी तो स्वतःला सांभाळण्यासाठी उजेड कमी करतो. मग सावलीत ठेवणं एवढाच उपाय.

नियम सापडत नसेल, तर एखाद्या ॲपवर संशय घ्यावा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज बदलण्याची परवानगी वेगळ्या यादीत असते: ‘ॲप्स’, त्यात ‘स्पेशल ॲक्सेस’, त्यात ‘मॉडिफाय सिस्टम सेटिंग्ज’. तिथे टॉर्चचं, वॉलपेपरचं किंवा अनोळखी नावाचं ॲप दिसलं, तर परवानगी काढा. ‘ॲक्सेसिबिलिटी’ची यादीही जरूर पाहा. ती परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. लोकांना गंडवणारी ॲप नेमकी तीच मागतात, म्हणून ओळख नसलेल्या ॲपला ती देऊ नका.

तरी उलगडा होत नसेल, तर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचा मेनू उघडून ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. या अवस्थेत तुम्ही टाकलेली ॲप चालत नाहीत. तिथे तक्रार थांबली, तर दोष त्यांच्यापैकी एखाद्याचा. मग नुकती घेतलेली ॲप एकेक करून काढून पाहा.

दुकानात फोन नेला की पहिला सल्ला बहुधा ‘फॅक्टरी रीसेट’चा मिळतो. तो शेवटचा उपाय आहे. त्याने फोनमधले फोटो आणि मजकूर जाऊ शकतात, आणि बॅकअप परत घेतल्यावर त्याबरोबर जुनाच नियमही येऊ शकतो. आधी शेड्यूल, रूटीन आणि परवानग्या तपासा. तुमच्या फोनची तक्रार कळवताना फोनचं मॉडेल आणि सेटिंग बदलल्याची वेळ नक्की लिहा. पुढच्या भागात बॅकअप कसा घ्यायचा ते पाहू.