पाच चिंचोके म्हणजे किती?

साडेतीन वर्षांच्या मुलीसमोर पाच चिंचोके मांडा आणि मोजायला सांगा. एकेकावर बोट टेकवत ती ठसक्यात म्हणेल, ‘एक, दोन, तीन, चार, पाच!’ लगेच विचारा, ‘मग किती आहेत?’ पुष्कळदा ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. ‘चार दे बरं,’ म्हटलं तर मूठभर उचलून हातावर ठेवते. आकडे तिला पाठ आहेत, पण त्यांच्यात संख्या अजून उतरायची आहे.

ती उतरते कशी, हे मला बालपणातलं सगळ्यात मोठं नवल वाटतं. आधी फक्त ‘एक’ कळतो. मग कित्येक महिन्यांनी ‘दोन’, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. आणि पुढे केव्हातरी एकदम उलगडा होतो: मोजताना शेवटी जो आकडा तोंडी आला, तोच त्या सगळ्या ढिगाचा! त्यानंतर पाच, सहा, सात यांच्यासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत नाही. हे कुणी समजावून सांगितल्याने होत नाही. वाटून, मांडून, मोडून, पुन्हा मांडून होतं. खाऊच्या वेळी ‘प्रत्येकासमोर एकेक वाटी ठेव’ असं बालवाडीच्या ताई सांगतात, तेव्हा मूल एकास एक जोडी लावत असतं. गणिताचा पायाच तो.

तरीही काम संपत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे मुलांसमोर वस्तूंच्या दोन सारख्या रांगा मांडत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक रांग पसरून लांब करत. चार-पाच वर्षांची मुलं बिनदिक्कत सांगत, लांब रांगेत जास्त आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलांना मात्र काहीच बदललेलं नाही हे उघड दिसतं.

मांडायला-मोडायला वस्तू लागतात, पण त्या महागच हव्यात असं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. विकतची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. मग खडे, शंख-शिंपले, पानं, बिया हेच शिकवण्याचं साहित्य झालं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेल्या अंगणवाडीचं मूळ तिथलं. केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तरी खडे आणि बिया सुटल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं. बोटांनी चाचपता येणारी वस्तू या वयाला छापील चित्रापेक्षा कितीतरी जास्त शिकवते.

त्या बोटांचीही गंमत ऐका. ती ज्या मनगटाच्या आधाराने हलतात, त्यात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि एकेक करून टणक होत जातात. चौथ्या वर्षी साधारण निम्मीच झालेली असतात. शेवटचं, वाटाण्याएवढं हाड टणक व्हायला नववं-दहावं वर्ष, कधी बारावंही उजाडतं. म्हणून या वयात माती मळायची, मणी ओवायचे, कागद फाडून चिकटवायचा, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चिंचोका धरायचा. पेन्सिल पेलणारी चिमूट याच कामांतून घडते. ‘बालवाडीत वर्ष झालं, अजून वहीत काहीच कसं लिहिलं नाही?’ असं विचारणाऱ्या आईबाबांनी एकदा मुलाचा तळहात हातात घेऊन पाहावा, आणि घरी मूठभर चिंचोके आणून ठेवावेत.